हा अहवाल धोक्याचा कुणाला?

(घाटमाथ्यावरच्या आणि धरणकाठच्या गावांच्या बैठकीत संघटनेच्या वतीनं केलेलं भाषण. ज्या पाड्या-वाड्यांना पावसामुळं येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे छापत आहोत. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मोठ्यानं वाचून दाखवावं.)

साथींनो, आया-बहिणींनो, म्हाताऱ्या माणसांनो,

बोलायला सुरुवात करण्याआधी आम्हाला एक कबुली द्यायची आहे. २०१३ साली तालुक्याला मोर्चा निघाला होता. फलकावर लिहिलं होतं, ‘गाडगीळ अहवाल रद्द करा’. गावात जीप आली, माणसं भरली, दुपारी वडापाव दिला, घोषणा दिल्या आणि दिवेलागणीला परत आणून सोडलं. त्या जीपमध्ये आपल्यातले बरेच जण होते. आम्हीही होतो. आम्हाला सांगितलं होतं की पुण्याचा कुणी एक शास्त्रज्ञ आहे, त्यानं दिल्लीला कागद दिलाय. आता घरावर कौल चढवायचा तर परवानगी, गुरं सोडायची तर परवानगी आणि शेवटी घरंच उठवणार. आम्ही घाबरलो. कोयनेनं एकदा उठवलेल्या, अभयारण्यानं दुसऱ्यांदा उठवलेल्या माणसाला घाबरवायला फार काही लागत नाही. तो कागद कुठाय, असं आम्ही विचारलं नाही. जीप कुणाची, डिझेल कुणाचं, हेही विचारलं नाही.

पुढं आम्ही तो अहवाल मिळवला. पोरांनी वाचला, आम्हाला समजावून सांगितला. तेव्हा मान खाली गेली. ज्याच्याविरुद्ध आम्ही घसा कोरडा केला, त्यात लिहिलं होतं की डोंगरात काय करायचं आणि काय नाही ते ग्रामसभेला विचारून ठरवा. म्हणजे जे आपण गेली कित्येक वर्षं मागतोय, तेच. म्हणून आज तुमच्यापुढं हा सगळा हिशोब मांडायचा आहे. त्या माणसानं असं काय शोधलं होतं? ते कुणाला नको होतं? आणि ते दाबायचं कसं, हे कुणी कसं ठरवलं?

आधी माणूस सांगतो. माधव गाडगीळ पुण्यात वाढले, परदेशात शिकले, परत येऊन बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकवू लागले. मोठ्या संस्थेतला माणूस, पण अभ्यासाला रानात जायचा, देवराया मोजायचा. १९७५ च्या सुमारास कर्नाटकात बुरूड लोकांनी तक्रार केली की बांबू मिळत नाही. दांडेलीच्या कागद गिरणीला सरकार टनाला दीड रुपया दरानं बांबू देत होतं. बुरडाला तोच बांबू बाजारात हजार रुपयांच्या वर पडायचा. बांबू संपत चालला होता. वनखातं म्हणत होतं, गावकरी कोंब तोडतात, गुरं चारतात, म्हणून संपला. सरकारनं गाडगीळांना अभ्यास करायला सांगितलं.

त्यांनी बेटं तपासली, गावकऱ्यांशी बोलले. गावकरी म्हणाले, साहेब, बेटाच्या बुडाशी काटे असतात, ते बेटाचं कुंपण असतं. गिरणीची माणसं तोडायला सोपं जावं म्हणून काटे साफ करतात. मग नवा कोंब उघडा पडतो. साळिंदर, वानर, गुरं तो खाऊन टाकतात. गाडगीळांनी मोजून बघितलं, गावकरी बरोबर होते. काटे साफ करायची पद्धत चूक होती आणि बांबू किती निघेल याचा सरकारी अंदाजही भलताच फुगवलेला होता. गरिबाच्या कोयत्यानं नव्हे, गिरणीच्या भुकेनं रान संपलं होतं.

साथींनो, हा त्यांचा पहिला धोक्याचा शोध. त्यात नवं काय होतं? आपल्याला ते सगळं ठाऊकच होतं. पण आपण सांगितलं तर ती ‘अडाण्याची तक्रार’ ठरते. शास्त्रज्ञानं मोजून, आकडे लावून, सही करून सांगितलं की तो पुरावा होतो. साहेबाच्या टेबलावर पुरावा आला की टेबलाला घाम फुटतो. पुढं जे झालं त्याचं मूळ इथं आहे.

आता अहवालाकडं येऊ. ४ मार्च २०१० ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं पश्चिम घाटासाठी तज्ज्ञांची समिती नेमली. चौदा माणसं, अध्यक्ष गाडगीळ. पश्चिम घाट म्हणजे आपला सह्याद्री, गुजरातच्या टोकापासून पार कन्याकुमारीपर्यंत. समितीनं सगळ्या घाटाचे चौकोन पाडले, एकेक चौकोन साधारण नऊ किलोमीटर लांब आणि नऊ किलोमीटर रुंद. प्रत्येक चौकोनात उतार किती, पाऊस किती, झाडोरा कसा, जनावरं-पाखरं कोणती, हे पाहून गुण दिले. त्या गुणांवरून घाटाचे तीन पट्टे सुचवले. पहिला पट्टा सगळ्यात नाजूक, दुसरा त्याखालचा, तिसरा त्याहून खालचा.

पण त्यांनी नुसते नकाशे काढले नाहीत, ते गावोगाव फिरले. सिंधुदुर्गात खाणी येत होत्या. तिथल्या पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी ठराव करून समितीला कळवलं की आमचा भाग संवेदनशील म्हणून जाहीर करा, आम्हाला खाण नको. हे लोकांनी स्वतः मागितलं होतं, हे ध्यानात ठेवा. रत्नागिरीत लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांचं पाणी खाडीत जात होतं, मासे मरत होते, दाल्दी-भोई-कोळ्यांचा धंदा बसत होता. समितीनं तिथं आणखी एक गोष्ट मोजली. ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात जमावबंदीचे किती दिवस होते? १९१. प्रदूषणाविरुद्ध तोंड उघडायला माणसं जमतील, म्हणून जमायचीच बंदी. शास्त्रज्ञानं पाण्यातलं विष मोजलं की लोक टाळ्या वाजवतात. पण जमावबंदीचे दिवस मोजून अहवालात लिहिले की राज्य चालवणाऱ्यांना ते झोंबतं.

आता अहवाल काय म्हणतो ते नीट ऐका, कारण याच जागी आपल्याला फसवलं. तिन्ही पट्ट्यांत नवं गिरिस्थान नको. विशेष आर्थिक क्षेत्र नको. सरकारी सार्वजनिक जमीन खाजगी माणसाच्या घशात घालू नका. पहिल्या पट्ट्यात मोठं धरण नको, नवी खाण नको, विषारी कारखाना नको. शेतजमीन बिगरशेती करू नका. पण गावातली माणसं वाढली आणि गावठाण वाढवायचं असेल तर वाढवा, असंही त्यात लिहिलंय. रासायनिक औषधं टप्प्याटप्प्यानं कमी करा आणि त्यासाठी शेतकऱ्याला मदत द्या. वनहक्क कायदा मनापासून राबवा, सामूहिक वनहक्क द्या. गावोगाव जैवविविधता समित्या करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे पट्टे शेवटचे नाहीत, ही चर्चेची सुरुवात आहे, शेवटी काय ठरवायचं ते ग्रामसभांमधून वर येऊ द्या.

घरं उठवा, शेती बंद करा, गुरं बंद करा, असं त्यात कुठंच नाही. आम्ही शोधून शोधून बघितलं.

३१ ऑगस्ट २०११ ला समितीनं अहवाल मंत्रालयाला दिला. पुढं काय झालं? काहीच नाही. अहवाल कपाटात गेला. छापला नाही, संकेतस्थळावर टाकला नाही, ज्यांच्या डोंगरावर तो लिहिला त्या गावांना एक पानही मिळालं नाही. केरळातल्या एका माणसानं माहितीच्या अधिकारात अर्ज केला. मंत्रालयानं नकार दिला. कारण काय, तर देशाच्या वैज्ञानिक आणि आर्थिक हिताला बाधा येईल. जणू त्यात अणुबॉम्बची कृती लिहिली होती! आणि दुसरं कारण तर ऐकण्यासारखं आहे. मंत्रालयाचं म्हणणं होतं की अहवाल बाहेर पडला तर माणसं आणि संस्था आपापल्या भागांसाठी स्वतःच प्रस्ताव पाठवू लागतील. म्हणजे भीती कशाची? लोक वाचतील आणि वाचून मागतील, याची.

ते प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडं गेलं. ९ एप्रिल २०१२ ला आयुक्त शैलेश गांधी यांनी आदेश दिला की अहवाल उघड करा. तरीही मंत्रालय ऐकेना, दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेलं. १७ मे २०१२ ला न्यायालयानं मंत्रालयाची याचिका फेटाळली. तेव्हा कुठं २३ मे २०१२ ला अहवाल लोकांसाठी खुला झाला, तोही ‘हा आम्ही स्वीकारलेला नाही’ अशी शेपटी लावून. पावणेनऊ महिने, साथींनो. बाई नऊ महिन्यांत लेकरू जन्माला घालते. यांनी तेवढे दिवस जन्मलेलं लेकरू पेटीत कोंडून ठेवलं.

पण दाबायची ही एकच तऱ्हा नव्हती. कपाट उघडल्यावर दुसरी तऱ्हा सुरू झाली, ती म्हणजे मोडतोड. मूळ अहवाल इंग्रजीत, जाडजूड, दोन भागांचा. डोंगरातल्या कुणाला वाचता येणार? राज्यात त्याचा मराठी सारांश लोकांपुढं आला, तेव्हा आपलं म्हणणं त्यात विपर्यास करून मांडलंय अशी तक्रार खुद्द गाडगीळांनी जाहीरपणे केली. मग अफवा आल्या, मग जीप आल्या. तिकडं केरळात, इडुक्की-वायनाडच्या बाजूला, हरताळ झाले. इकडं आपण वडापाव खाल्ला. बहुतेकांनी अहवालाचं एक पान वाचलेलं नव्हतं. कपाटात ठेवलेला कागद कुणीतरी अर्ज करून बाहेर काढतो. पण लोकांच्याच तोंडून बदनाम केलेला कागद बाहेर कोण काढणार? म्हणून ही दुसरी तऱ्हा पहिलीपेक्षा वाईट.

तिसरी तऱ्हा दुसऱ्या समितीची. ऑगस्ट २०१२ मध्ये डॉ. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली नवी समिती बसली. ते अवकाश संशोधनातले मोठे शास्त्रज्ञ. त्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून घाटाचे दोन भाग केले, एक नैसर्गिक आणि एक माणसानं वापरलेला. एप्रिल २०१३ च्या अहवालात त्यांनी सुमारे ६० हजार चौरस किलोमीटर, म्हणजे घाटाचा साधारण ३७ टक्के भाग संवेदनशील धरा म्हणून सांगितलं आणि गावांच्या याद्या जोडल्या. बाकीचा मोठा भाग मोकळा. आता आकाशातून बघितलं तर वस्ती वेगळी आणि जंगल वेगळं दिसतं. पण जमिनीवर आपलं काय असतं? नाचणीच्या वावराला लागून रान, रानात देवराई, देवराईतून झरा आणि झऱ्याचं पाणी परत वावरात. हे कापून दोन भाग होत नाहीत. मे २०१३ मध्ये गाडगीळांनी कस्तुरीरंगन यांना उघडं पत्र लिहिलं. त्यातला त्यांचा मोठा आक्षेप हाच होता की आर्थिक निर्णयांत स्थानिक लोकांना स्थान नाही असं तुम्ही मानता, हे घटनेला धरून नाही.

त्यानंतर केंद्रानं त्या दुसऱ्या अहवालाच्या आधारानं अधिसूचनेचे मसुदे काढले. पहिला मार्च २०१४ मध्ये, सहावा ३१ जुलै २०२४ ला. सहाव्या मसुद्यात सहा राज्यांतली ५६ हजारांहून जास्त चौरस किलोमीटर जमीन आहे, त्यातली महाराष्ट्राची १७,३४० चौरस किलोमीटर. दहा वर्षांत सहा मसुदे. यातला एक तरी मसुदा तुमच्या ग्रामसभेत कुणी वाचून दाखवला का? हात वर करा. बघा, एकही हात नाही.

इथं कुणी म्हणेल, पण मग आपली भीती काय खोटी होती? नाही. अफवा खोटी होती, भीती खरी होती. आपल्या भागाचा इतिहासच तसा आहे. कोयनेचं धरण आलं, गावं पाण्याखाली गेली. वारणेवर चांदोलीचं धरण आलं. १९८५ ला कोयना आणि चांदोली अभयारण्यं झाली. २००४ ला चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं. २०१० ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१२ ला कास, कोयना, चांदोली ही नावं जागतिक वारशाच्या यादीत गेली. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासूनच संवेदनशील क्षेत्र आहे. या प्रत्येक वेळी रेघ वरून आली. जावळी-पाटणच्या गवळी-धनगरांना, कातकऱ्यांना, शिराळ्याच्या डोंगरी गावांना कुणी विचारलं नाही. जगाला वारसा मिळाला आणि आपल्याला नोटीस. त्यामुळं ‘पर्यावरण’ हा शब्द ऐकला की आपल्या पोटात गोळा येतो. ज्यांनी आपल्याला जीपमध्ये बसवलं त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. आपलीच जुनी जखम त्यांनी आपल्याविरुद्ध वापरली.

आणि बघा, ज्या गोष्टीला गाडगीळांनी ‘नको’ म्हटलं, ती आपल्या दारात कशी आली. नवं गिरिस्थान नको, असं अहवालात होतं. आज ‘नवीन महाबळेश्वर’ नावाचा प्रकल्प आहे. साताऱ्याच्या डोंगरातली २३५ गावं त्यासाठी राज्य रस्ते विकास महामंडळाकडं नियोजनाला दिली, २०२४ ला विकास आराखड्याचा मसुदाही आला. त्याच वर्षी कांदाटी खोऱ्यातल्या झाडाणीची शेकडो एकर जमीन बाहेरच्यांनी घेतल्याचं प्रकरण वर्तमानपत्रांतून गाजलं. कोयनेच्या पाण्यापलीकडं, जिथं आजारी माणसाला लाँचनं न्यावं लागतं, तिथली जमीन कुणाला कशाला हवी होती? नाचणी पेरायला? म्हणून विचारतो, तो अहवाल धोक्याचा कुणाला होता? आपल्या कौलाला की त्यांच्या बंगल्याला?

आता एक जड गोष्ट बोलायची आहे.

३० जुलै २०१४ ला पहाटेनंतर पुणे जिल्ह्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. आपल्यासारखंच आदिवासी गाव. १५१ माणसं गेली. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला आणि आपल्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरड आली. तिथली माणसं आपल्या नात्यागोत्यातली होती. वाचलेल्यांना पक्क्या घरासाठी किती थांबावं लागलं ते इथं बसलेल्यांना सांगायला नको. माळीणला दहा वर्षं पुरी झाली त्याच तारखेला, ३० जुलै २०२४ ला, केरळात वायनाडला मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं वाहून गेली, दोनशेहून जास्त माणसं मेली. तो तालुका गाडगीळांनी पहिल्या पट्ट्यात धरला होता. सहावा मसुदा निघाला तो दुसऱ्या दिवशी. माणसं अजून चिखलातून काढत होते.

अहवाल ऐकला असता तर यातली प्रत्येक दरड टळली असती असं आम्ही म्हणणार नाही. दरड का येते याचं कारण एका ओळीत सांगणारा माणूस खोटं बोलतो. पाऊस आहे, उतार आहे, माती आहे, फोडलेला डोंगर आहे. पण एवढं नक्की की डोंगर कुठं नाजूक आहे, हे २०११ ला कुणीतरी चौकोन पाडून लिहून ठेवलं होतं. तो कागद गावात असता तर गावानं निदान बोट ठेवून विचारलं असतं की आम्ही राहतो तो उतार कसा आहे, वर रस्ता कापताय तो कुणाला विचारून? ती विचारायची संधी आपल्याकडून काढून घेतली. शोध दाबला की असं होतं. शास्त्रज्ञाचं फार तर नाव जातं, आपला जीव जातो.

आणि आम्ही गाडगीळांचे भक्त नाही, हेही सांगून टाकतो. बैठकीत एका म्हाताऱ्या बाबांनी बरोबर विचारलं, “पट्टं पाडायचं काम आधी वरनंच केलं की न्हाय? मग आमाला इचारलं म्हंजे काय?” हा प्रश्न खरा आहे. समितीनं वरती एक मोठं प्राधिकरणही सुचवलं होतं. असं प्राधिकरण एकदा बसलं की त्यात कोण खुर्ची धरतं, ते आपण व्याघ्र प्रकल्पात बघितलंय. नकाशा आधी आणि ग्रामसभा नंतर, हा क्रम आम्हाला मान्य नाही. ग्रामसभा आधी हवी. पण हे भांडण आपण अहवाल वाचून त्यांच्याशी घालू शकतो, कारण त्यांनी चर्चेचं दार उघडं ठेवलं होतं. ज्यानं अहवालच लपवला त्याच्याशी काय चर्चा करणार? चुकीचं बोलणाऱ्याला उत्तर देता येतं. ज्यानं बोलणाऱ्याचं तोंडच बांधलं, त्याच्यापुढं उत्तर चालत नाही.

तर साथींनो, करायचं काय? आपल्या हातातली चार कामं सांगतो.

पहिलं, सामूहिक वनहक्काचा दावा. २००६ च्या कायद्यानं गावाला आपलं जंगल राखायचा, वाढवायचा आणि सांभाळायचा हक्क दिलाय. कायद्याचं कलम ३ (१) (झ) आणि कलम ५ पाठ करा. आपल्यातल्या आदिवासींनी १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासूनचा वहिवाटीचा पुरावा जोडायचा. गवळी-धनगर आणि इतरांनी त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा. म्हाताऱ्या माणसाचा जबाब हाही पुरावा आहे. जुने रेकॉर्ड, पाणवठा, स्मशान, देवराई, गुरांची वाट, सगळं लिहून काढा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं हा हक्क २००९ ला मिळवला, सुमारे १८०० हेक्टर जंगलावर. आज तिथला बांबू गाव विकतं. दांडेलीच्या बुरडाला जो बांबू मिळत नव्हता, तो मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हातात आला, हे लक्षात घ्या.

दुसरं, कोरम. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मी माणसं हवीत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका हव्यात. घरी बसून सह्या गोळा केलेली ग्रामसभा उद्या कोर्टात टिकत नाही. बायांनो, तुम्ही आला नाहीत तर ठराव पडतो, एवढं तुमचं वजन आहे.

तिसरं, गावाची जैवविविधता नोंदवही. २००२ च्या कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ती कागदावर आहे आणि नोंदवही एजन्सीनं दुसऱ्या गावाची उतरवून दिलीय. आमच्याच एका गावच्या वहीत समुद्रातला मासा निघाला! ती फाडा असं म्हणत नाही, पण नवी लिहा. कुठला झरा कधी आटतो, कुठल्या उताराला पावसात भेग पडते, कुठं माती सरकते, हे म्हाताऱ्यांना विचारून तारखेसकट लिहा. गाडगीळांनी नऊ किलोमीटरचा चौकोन पाडला होता. आपण आपल्या वाडीचा पाडायचा. तो आपला शोध, आपल्या सहीचा.

चौथं, कागद मागा. अधिसूचनेचा मसुदा, विकास आराखडा, खाणीचा प्रस्ताव, जे काही आपल्या गावाच्या नावानं निघालं असेल ते मराठीत मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्याला तेही दहा रुपये लागत नाहीत. केरळातल्या एका साध्या अर्जानं मंत्रालयाला उच्च न्यायालयापर्यंत पळवलं. आपल्या अर्जात तेवढंच बळ आहे.

आणि पाचवं काम कायद्यात नाही, ते आपल्या मनाचं आहे. पुन्हा गावात जीप आली आणि कुणी म्हणालं, चला मोर्चाला, तर आधी म्हणायचं, कागद दाखवा. विरोध करायचा असेल तर वाचून करू. पाठिंबा द्यायचा असेल तरी वाचूनच देऊ. वडापाव आम्ही घरी करतो.

आपण शिकलेले नाही म्हणून आपल्याला शोध लावता येत नाही असं नाही. बांबूच्या काट्याचं गुपित गावाला ठाऊक होतं. शास्त्रज्ञानं ते ऐकून घेतलं आणि लिहिलं, म्हणून तो मोठा. ज्यांना तो लपवावा लागला ते त्याला घाबरत नव्हते. ते घाबरत होते तुम्हाला, तुम्ही वाचाल आणि ग्रामसभेत उभं राहून बोलाल, याला. तर मग त्यांची ती भीती आपण खरी करून दाखवू.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावानं आपली वनहक्क समितीची वही घेऊन यावं. ज्यांच्याकडं वही नाही त्यांनी कोरी वही घेऊन यावं, पहिलं पान आपण इथंच एकत्र बसून लिहू.

जंगल आमचं, ठराव आमचा!
जिंदाबाद!